भेगेवरची काचपट्टी

मी भित्रा माणूस आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. इमारती बांधणाऱ्यानं भित्रंच असावं. धीट इंजिनियरांनी बांधलेली घरं पडलेली मी पाहिली आहेत, आणि ते इंजिनियर तेव्हा घरात नव्हते, हेही पाहिलं आहे.

बीडच्या जुन्या पेठेतल्या आमच्या गल्लीत वाचनालय बांधायचं ठरलं, तेव्हा सहकारी ग्राहक भांडारानं आपल्या पडक्या गोदामाची जागा दिली आणि आराखडा माझ्यावर सोपवला. जागेच्या तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या, खिडकी काढायला वाव नाही. म्हणून उजेड मी वरून घेतला. स्लॅबमध्ये जाड काचेच्या विटांच्या चार ओळी बसवल्या. मध्ये खांब नको होता, म्हणून स्लॅब जमेल तेवढा हलका ठेवला. वर कुणी जाणारच नव्हतं, तेव्हा जिना काढलाच नाही. काच पुसायला बाहेरून एक लोखंडी शिडी लावली. एका खोलीत सात-सात माणसं राहणाऱ्या गल्लीत पोरींना अभ्यासाला बसायला तेवढीच एक शांत जागा झाली. उद्घाटनाच्या दिवशी मी फुशारकी मारली, ‘शंभर वर्षं हलणार नाही.’ आयुष्यात एकदाच धीट झालो, तेही नको तिथं.

दुसऱ्या वर्षी दुष्काळ पडला. नळ कोरडे झाले. टँकर मांजरसुंब्याकडून यायचा आणि चौकातच थांबायचा, कारण आमच्या गल्लीत त्याचं तोंडही शिरत नसे. घरटी एक निळा ड्रम, त्यावर ऑइलपेंटनं नाव, झाकणाला साखळी आणि कुलूप. ड्रमांनी गल्ली अडली. रोज भांडणं, रोज शिव्या. मग भांडाराचे चेअरमन भगवानराव यांना युक्ती सुचली. सगळे ड्रम वाचनालयाच्या छतावर ठेवायचे, टँकरच्या पंपानं एकदम भरायचे, आणि तिथून नळीनं ज्याचं पाणी त्याच्या घरात उतरवायचं. युक्ती खरंच चांगली होती, त्यामुळंच ती मोडून काढणं अवघड होतं.

मी तेव्हा नांदूरघाटला एका शाळेच्या कामावर गेलो होतो. आठवड्यानं परतलो आणि वाचनालयात पाऊल टाकलं तर भरदुपारी आत अंधार. पोरी ट्यूबलाइट लावून बसल्या होत्या. वर पाहिलं तर काचेच्या विटांवर निळे गोल टेकलेले. शिडीवरून चढून मोजले, चौसष्ट ड्रम होते. भरलेला ड्रम दोनशे किलोच्या वर जातो. म्हणजे उसानं भरलेला ट्रक माझ्या हलक्या स्लॅबवर उभा होता आणि खाली तीस पोरी पुस्तकात डोकं खुपसून बसल्या होत्या. मधल्या बाकावर, बरोबर सगळ्यात जास्त भाराखाली, समोरच्या बायनाबाईची नात रुक्मिणी तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. तिच्या डोक्यावर स्लॅबला केसाएवढी भेग पडलेली मला दिसली.

मी पोरींना बाहेर काढलं. तासाभरात भगवानरावांनी त्यांना परत आत बसवलं, कारण किल्ली त्यांच्याकडे होती. त्यांची खात्री पटावी म्हणून मी भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टरनं चिकटवली. भेग थोडी जरी रुंदावली तरी काच तडकते, आमच्या धंद्यातली ही जुनी पारख. मग भगवानरावांना म्हणालो, सभा बोलवा.

सभा वाचनालयातच भरली. मी आकडे सांगितले.

“त्रिंबकराव, तुमीच म्हणला होता ना, शंभर वर्षं हलणार न्हाई?” भगवानराव म्हणाले.

“रिकामं असताना म्हणालो होतो.”

“आता कावून भेताव मग? पाणी गल्लीचं हाय. ते खाली आणलं तर उद्या डोकी फुटतील, त्याची जबाबदारी घेता का?”

सहकारात वाढलेली माणसं आम्ही. काही अडलं की ठराव मांडायचा आणि हात वर करायचे, ही सवय हाडात मुरलेली. सूचक सुंदरराव, अनुमोदक म्हाळू: वाचनालयाचा स्लॅब मजबूत आहे. ठराव एकमतानं मंजूर झाला. त्या स्लॅबखाली बसून चाळीस माणसांनी हात वर केले आणि मी भीतीनं त्या हातांच्या वर, काचपट्टीकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गेलो. पट्टी मधोमध तडकली होती. रुक्मिणीच्या वहीवर सिमेंटची बारीक भुकटी पडली होती. तिनं ती फुंकली आणि पुढं लिहायला लागली. चौकात टँकर लागला होता, पाइप छतावर चढवलेला, पंप सुरू करायला माणूस वाकला होता. आकडे सांगून उपयोग नव्हता, काच दाखवायला वेळ नव्हता. मी दारात उभा राहून ओरडलो, “मी सळई खाल्ली! स्लॅबमध्ये निम्मीच सळई आहे. मी चोरी केली!”

खरं बोललो तेव्हा कुणाला पटलं नव्हतं. चोरी म्हटल्यावर एका क्षणात पटलं. इंजिनियर सळई खातो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पोरी चपला सोडून पळाल्या. म्हाळूनं माझी गचांडी धरली, कुणीतरी पाठीत एक ठेवून दिली. मग माणसं चौघं-चौघं करून शिडीला लागली, नळ्यांनी, घागरी-बादल्यांनी ड्रमांत उरलेलं पाणी खाली आलं, रिकामे ड्रम उतरले. दोन तासांत छत मोकळं झालं. एवढ्या घाईतही कुणी पाणी सांडू दिलं नाही. काचेतून ऊन परत बाकांवर पडलं आणि मी भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडलो. गल्लीला वाटलं, पश्चात्ताप झाला.

पुढचे दिवस वाईट गेले. नांदूरघाटचं काम सुटलं. मी टेकू लावून स्लॅब तपासला, भेग भरली, तिच्यावर नवी काचपट्टी चिकटवली. तीन आठवडे ती जशीच्या तशी होती. मी घरोघर सांगत फिरलो की सळई पूर्ण आहे, पोरींना पाठवा. भगवानरावांनी मदत म्हणून पुन्हा स्लॅब मजबूत असल्याचा ठराव घेतला. तोही एकमतानं झाला, फक्त सभा बाहेर गल्लीत भरवावी लागली.

बायनाबाई ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. तिनं मला लहानपणापासून पाहिलेलं.

“मावशी, रुक्मिणीची परीक्षा महिन्यावर आली. पाठव तिला.”

“त्रिंबका, आधी म्हणलास हलणार न्हाई. मंग म्हणलास चोरी केली. आता म्हणतूस सळई पुरी हाय. यातलं कोणतं धरू मी?”

“आत्ताचं धर. तेव्हा खोटं बोललो, पोरी वाचाव्या म्हणून.”

तिनं खडा वेचून बाजूला टाकला. “असंल. तुझी सावित्री हाय ना दहावीला? तिला बसीव मधल्या बाकावर. मंग माझी नात यील.”

मी हो म्हणालो आणि घरी आलो. हिशोब बरोबर होता. मी तो तीनदा केला होता. पण हिशोब कागदावर असतो आणि सावित्री माझी एकुलती एक लेक. एकदा ताण सोसलेला स्लॅब आतून कसा झालाय, हे वरून कुणाला सांगता येतं? दुसऱ्याच्या तीस पोरींना मी खुशाल बोलावत फिरत होतो. लेकीचं नाव निघाल्यावर मला पुन्हा आकडे तपासावेसे वाटले. तेव्हा मात्र मला माझ्या भित्रेपणाची लाज वाटली.

सकाळी सावित्रीला घेऊन गेलो. गल्ली दारादारांतून बघत होती. ती मधल्या बाकावर बसली, दप्तर उघडलं आणि विचारलं, “बाबा, तुमी का उभे?”

मी तिच्या शेजारी बसलो. थोड्या वेळानं दारात चपला वाजल्या. रुक्मिणी आली, वर न बघता आमच्या समोर बसली आणि वही उघडली. मागोमाग आणखी दोघी आल्या. पोरी वाचायला लागल्या. मी टेबलाखाली सावित्रीचा हात घट्ट धरून काचपट्टीकडे बघत बसलो.