गोपिकाच्या घड्याळातली मशीन

गोपिका गेली माघात, पण काय काय गेलं ते रुपरावला कळलं तेराव्या दिवशी दुपारी. पंगत उठली होती. प्रसूतिगृहातली आया प्रयागबाई मागच्या दाराशी थांबली आणि पदराची गाठ सोडून तिनं गोपिकाचं घड्याळ त्याच्या हातात दिलं. गोपिका तिथं एकोणीस वर्षं नर्स होती. आजारी पडून घरी आली त्या दिवशी घड्याळ तिथल्या कपाटातच राहिलं होतं.

रुपरावनं घड्याळाला चाबी दिली आणि तो थबकला. चाबी फिरताना बोटांना जी करकर लागते, ती त्याच्या ओळखीची नव्हती.

ते घड्याळ त्यानं लग्नानंतर तिसऱ्या वर्षी स्वतः जोडलं होतं. नर्सला नाडी मोजावी लागते, म्हणून पुरुषी मापाचं, मोठ्या सेकंदकाट्याचं. वरची केस साधी, पण आतली मशीन असली विलायती. एका पेन्शनर साहेबाच्या बंद पडलेल्या घड्याळातून ती निघाली होती. रुपरावनं तिचं एकेक चाक, एकेक स्क्रू धुऊन ती उभी केली होती.

पाहुणे ओसरीवर पान खात होते. तो आत जाऊन टेबलाशी बसला, डोळ्याला भिंग लावलं आणि झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला त्याच्याच सुईनं कोरलेल्या तारखा होत्या. घड्याळ साफ केलं की घड्याळवाला तिथं तारीख कोरून ठेवतो. झाकण त्याचं होतं, डायल त्याची होती. मशीन त्याची नव्हती. पितळेवर पांढरा मुलामा दिलेली, झिजलेली, दोन ठिकाणी आसाखालचे खडे गळालेली डुप्लिकेट मशीन होती ती. अशा मशिनी तो ढिगानं ओळखत होता.

त्याला गोपिकाचं बोलणं आठवलं.

"अवो, हे घड्याळ मागं पडून राहिलं. सकाळी रेडिओवर लावते, तर दुपारपर्यंत दहा-बारा मिनिटं खाते."

"तू चाबी बरोबर देत नसशील."

"रोज देते न. एकदा उघडून तर पाहा."

"मी लावलेलं झाकण पाच वर्षं उघडायचं काम नाही," असं तो म्हणाला होता. आणि खरंच त्यानं उघडलं नव्हतं. कानाला लावून टिकटिक ऐकली होती आणि परत दिलं होतं.

मग उन्हाळ्यात गल्लीतल्या जयवंताच्या सुनेचं बाळंतपण आलं. त्यांच्या जुनी शुक्रवारी मोहल्ल्यातल्या निम्म्या पोरांच्या पत्रिका गोपिकाच्या घड्याळावरून मांडलेल्या होत्या. तिनं सांगितलेली वेळ म्हणजे वेळ. त्या दिवशी मिलचा तीनचा भोंगा वाजला आणि त्यानंतर पोरगं रडलं, हे बाहेर बसलेल्या दहा माणसांनी ऐकलं. गोपिकानं लिहिलं, तीनला दहा कमी. जोशीबुवांनी मांडलेली पत्रिका फाडून पुन्हा मांडावी लागली. जयवंता प्रसूतिगृहाच्या फाटकात उभी राहून ओरडली, "नातवाच्या जन्माची वेळ खाल्ली वं तू! घड्याळजीची बायको म्हणे!" तिथल्या मोठ्या बाईंनी गोपिकाकडून वेळेचं रजिस्टर काढून घेतलं. घरी आल्यावर ती रुपरावला एवढंच म्हणाली, "घड्याळच खोटं हाये." तेव्हा शेजारचे नानाजी बसले होते. त्यांच्यासमोर रुपराव म्हणाला, "माझं घड्याळ खोटं नाही बोलत. माणसं बोलतात."

त्यानंतर ती घड्याळाबद्दल कधीच बोलली नाही. वॉर्डातल्या भिंतीवरचं घड्याळ पाहूनही दुसऱ्याला विचारायची, किती वाजले.

रुपराव तसाच उठून मागच्या दारी गेला. प्रयागबाई भांडी घासत होती.

"प्रयागबाई, हे घड्याळ गोपिकानं कधी कोणाकडं दिलं होतं काय?"

"कोणाले देते ते? जिवापलीकडं जपे." ती हात थांबवून आठवू लागली. "हो, एकदा. तुम्ही काटोलले गेले होते न, आईच्या दुखण्यात? तवा काच फुटली होती. ताराचंदभाऊच्या दुकानात दिलं होतं. म्हणे, घरचाच माणूस हाये, काहून दुसरीकडं द्यायचं? दोन दिवस ठेवलं होतं त्यानं."

ताराचंदचं इतवारी बाजारात घड्याळांचं दुकान होतं. रुपराव अकरा वर्षं त्याच्यासाठी घड्याळं जोडत होता. डायल विलायती नावाची, केस इथली, आत तीन बंद घड्याळांतून निवडलेले भाग. त्याची त्याला कधी लाज वाटली नव्हती. गिऱ्हाईकाला वेळ बरोबर दाखवते ना, मग झालं, असं तो म्हणायचा. ताराचंदची पोरगी प्रेमिला गोपिकाच्याच हातावर झाली होती, नोकरीच्या पहिल्याच वर्षी.

ताराचंदला काही म्हणायचं नाही असं रुपरावनं ठरवलं. तोंडानं म्हटलं तर तो तोंडानंच उडवून लावेल. त्यानं ती डुप्लिकेट मशीन गोपिकाच्या घड्याळातून काढली, कागदात गुंडाळली आणि खणात ठेवली. रोज सकाळी खण उघडून तो ती पाहायचा, मग कामाला बसायचा.

चैत्रात ताराचंद स्वतः घरी आला. प्रेमिलाचं लग्न ठरलं होतं. त्यानं टेबलावर कोरी केस आणि डायल ठेवली, दोन्ही असली.

"रुपराव, जावायाचं घड्याळ हाये गा. यात आपली कलाकारी नको. अन् मशीन..." त्यानं मनगटावरचं घड्याळ उतरवलं. "यातली टाक. दीड वर्ष झालं, मिनिट इकडचं तिकडं नाई. माझ्यात दुसरी कोणतीही बसव."

"एवढी चांगली मशीन कुठं भेटली तुमाले?"

"भेटली कुठूनतरी. तुले काय कराचं हाये? व्याही रेल्वेत गार्ड होते, मधुकरराव. घड्याळाच्या बाबतीत लई कडक माणूस. नाक कापू नको माझं."

"तुमी देसान तेच टाकीन," रुपराव म्हणाला.

अशा विलायती मशिनी वरून सारख्याच दिसतात, ओळखू येणार नाही असं ताराचंदला वाटलं असावं. तो गेल्यावर रुपरावनं दार लावलं आणि मशीन पूर्ण सोडवली. मोठ्या पुलाचे, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीचे, तीन स्क्रू काढून पूल उलटा केला. तिथं, जिथं सगळी मशीन खोलल्याशिवाय कोणाची नजर जात नाही, त्याच्याच हातानं कोरलेलं बारीक अक्षर होतं : गो.

त्या दिवशी त्यानं चूल पेटवली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं खणातली डुप्लिकेट मशीन काढली. धुतली, ताजं तेल दिलं, बॅलन्सचं चाक नीट लावलं. नव्या तेलावर ती आठ-दहा दिवस सरळ चालेल आणि मग पुन्हा मागं पडायला लागेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जावयाच्या असली केसमध्ये, असली डायलखाली त्यानं ती बसवली आणि झाकण दाबून बंद केलं. आयुष्यात इतकं मन लावून त्यानं याआधी एकच घड्याळ जोडलं होतं, ते गोपिकाचं.

लग्नाला तो गेला. मांडवात नवरदेवाच्या मनगटावर घड्याळ चढवलं तेव्हा मधुकररावांनी आपल्या जुन्या रेल्वेच्या घड्याळाशी ते ताडून पाहिलं आणि मान हलवली. ताराचंद चारचौघांत म्हणाला, "आतून बाहेरून असली हाये, मधुकरराव. पाहिजे तर तीस वर्षांनी नातवाले द्या." रुपराव पोटभर जेवला. बुंदी दोनदा मागून घेतली.

लग्नाला तीन आठवडे होत होते तेव्हा ताराचंदनं दुकानातून माणूस धाडला, ताबडतोब ये. रुपराव पोचला तेव्हा दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं आणि मधुकरराव काउंटरशी उभे होते. घड्याळ काउंटरवर होतं.

"काल दिवसभरात वीस मिनिटं मागं," मधुकरराव खणखणीत आवाजात म्हणाले. "मी अठ्ठावीस वर्षं गाड्या सोडल्या. मले घड्याळ शिकवू नका."

"हे यानं जोडलं," ताराचंद म्हणाला. "सांग न गा, रुपराव!"

रुपरावनं घड्याळ कानाला लावलं. "जावईबापू चाबी बरोबर देत नसतील," तो म्हणाला.

"उघडा," मधुकरराव म्हणाले.

रुपरावनं सगळ्यांसमोर झाकण काढलं आणि भिंग मधुकररावांच्या हातात दिलं. "पाहा. पितळेवर मुलामा हाये. खडे गळलेले हायेत. असली केसमध्ये डुप्लिकेट मशीन."

ताराचंद लाल झाला. "मी हे मशीन नाई दिली! माझ्या हातातली दिली होती, असली!"

"असली?" रुपरावनं विचारलं. "कोणती मशीन होती ते? कुठून आणली होती? कोणाच्या घड्याळातून काढली होती, सांगा न ताराचंदभाऊ. माझ्या घरी चला, पटवून देतो, मधुकररावांसमोर. तिच्यावर एक खूण हाये."

  रुपराव ताराचंदकडे पाहत राहिला. त्याच्या कपाळावर घाम कसा फुटला, हात कुठं ठेवावा ते त्याला कसं कळेना, हे सगळं त्यानं नीट पाहून घेतलं.

"ही मशीन," झाकण लावत तो म्हणाला, "ताराचंदभाऊनंच बसवली होती. आधी दुसऱ्या घड्याळात."

मधुकररावांनी घड्याळ काउंटरवरच ठेवलं आणि ते निघून गेले. सायंकाळपर्यंत इतवारीभर बोभाटा झाला. आधीची गिऱ्हाइकंही आपापली घड्याळं घेऊन दुकानाच्या पायरीशी येऊ लागली. त्यांतली बरीच रुपरावनंच जोडलेली होती. त्याचंही काम बुडालं. त्याला वाईट वाटलं नाही.

आषाढात प्रयागबाई आली. माहेरी आलेल्या प्रेमिलाला न्यायला सासरहून कोणी आलं नाही, असं तिनं सांगितलं.

"गोपिकाच्या हातावर झाली होती न ते पोरगी, भाऊजी. तिचा काय गुन्हा?"

रुपरावनं टेबलाकडं पाहिलं. गोपिकाची मशीन तिच्या घड्याळात परत बसली होती आणि टेबलावर चालत होती. सकाळी रेडिओशी ताडलं होतं, सेकंदाचा फरक नव्हता.

"अन् जयवंताले सांगितलं काय?" जाताना प्रयागबाईनं विचारलं. "की गोपिकाची चूक नव्हती म्हणून?"

"ताराचंदचं सगळ्या इतवारीले माहीत हाये."

"ताराचंदचं नाई म्हणून राहिली मी," ती म्हणाली. "ते तुम्हाले उघडून पाहा म्हणत होती, ते."

जयवंताचं घर चार दारं सोडून आहे. रुपराव अजून तिथं गेलेला नाही.