ओता अजून पाणी

मरे ट्रेगेन्झाने पियानोवरची पांढरी फुलं उचलून खाली ठेवली आणि झाकण उघडलं. होबार्टचा टाउन हॉल गच्च भरला होता. पहिल्या रांगेतून बेरिल, वारलेल्या माजी मुख्यमंत्र्यांची बायको, उठून त्याच्यापाशी आली.

"ॲल्बी गाडीतसुद्धा तुझंच गाणं लावायचा. म्हणायचा, या बदमाशाने मला निवडणुका जिंकून दिल्या."

"मी ते त्याला पाडायला लिहिलं होतं, बेरिल."

"ठाऊक होतं की त्याला." ती भरल्या डोळ्यांनी हसली. "म्हणून तर जास्तच आवडायचं."

मरेने पट्ट्यांवर नसलेली धूळ बाहीने पुसली.

ॲल्बी क्राउचने धरणासाठी डोंगरातलं खोरं बुडवलं, तेव्हा मरे पबमध्ये बियरच्या बदल्यात गायचा. त्या खोऱ्यात त्याचं गाव होतं, आईची कबर होती. संतापाने त्याने लिहिलं, 'ओता अजून पाणी, ॲल्बीसाहेब, ओता अजून पाणी!' चाल अशी उडती जमली की शाळेतली पोरंही ती गाऊ लागली. पुढच्या निवडणुकीत खुद्द ॲल्बीनेच ते गाणं सभांमधून वाजवलं. फक्त आईच्या कबरीचं शेवटचं कडवं तेवढं गाळलं. त्याच चालीमुळे मरेला सिडनीहून सिनेमांना संगीत देण्याचं बोलावणं आलं, आणि प्रेक्षकांना नेमकं कुठे रडू फुटावं, हे ठरवण्यात त्याची उमर गेली.

सकाळी गाडीत त्याची थोरली बहीण नोरीन म्हणाली होती, "आज ते कडवं म्हण."

"शोकसभा आहे गं ती."

"आणि आईच्या थडग्यावरून लोक बोटी फिरवतात, ती काय जत्रा?"

मरेने सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला सगळा हॉल गाऊ लागला. म्हातारे मंत्री खुर्च्यांवर ठेका धरत होते. शेवटच्या कडव्याआधी त्याने शांत राहा म्हणून हात वर केला. लोकांना वाटलं, तो आणखी जोरात गा म्हणतोय.

त्याने कडवं सुरू केलं. ते शब्द कुणालाच ठाऊक नव्हते. लोक त्यावरून धृपदच गात राहिले. मरे माइकला ओठ टेकवून गायला, मानेच्या शिरा ताणून. आईचं नाव, ॲग्नेस, तो अक्षरशः ओरडला. बेरिलने मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आणि मग त्याची बोटं आपोआप मंदावली. लोकांच्या आवाजाखाली त्यांनी हळुवार सूर पसरले. टाळ्या थांबल्या, रुमाल निघाले. हात उचलावेत असं त्याच्या मनात होतं. हात वाजवत राहिले, अगदी शेवटच्या सुरापर्यंत.

मागच्या रांगेतून आधीच बाहेर पडलेली नोरीन गाडीला टेकून उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते.

"मलासुद्धा रडवलंस, मेल्या," ती म्हणाली. मग डोळे पुसत, "कडवं मात्र नाहीच म्हटलंस."

मरेने तिच्या हातातली काठी घेतली, मागच्या सीटवर नीट आडवी ठेवली.

"वारा फार सुटलाय," तो म्हणाला. "बस आत."