उफराट्या रंगांचा हातमोजा

धाकटी प्रयोगशाळेचा जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरली. पिशवीत होता एकच हातमोजा, पण तोरा असा, जणू राज्य जिंकून निघालीय!

आणि का नसावा? सात महिने त्या धाग्यानं तिच्या नाकी नऊ आणले होते. लिक्विड क्रिस्टल म्हणजे ना धड पातळ, ना धड घट्ट. ऊब बदलली की रंग बदलणारं लहरी प्रकरण. बारीक सुईतून ते काळ्या धाग्यावर चढवायचं आणि वरून पारदर्शक रबराचा पातळ थर द्यायचा. कधी धागा तुटे, कधी गाठी येत, कधी रंगच रुसून बसे. गेल्या आठवड्यात मात्र रिळावर सलग, गुळगुळीत धागा आला. तिनं बोटांत धरला, तर काळ्यातून तांबूस लाट सरकत गेली.

"आला! आला!" ती किंचाळली. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ, साहेब आले समजून, ताडकन उभे राहिले.

हा सगळा खटाटोप थोरल्या बहिणीसाठी. बाळंतपणानंतरच्या आजारात थोरलीच्या हातांची जाणीव गेली होती. चहा उकळता की निवलेला, हाताला कळत नसे. तिची लेक ठमी आता आठ महिन्यांची झाली, पण थोरलीनं तिला एकदाही आंघोळ घातली नव्हती. ते काम आजीचं, म्हणजे दोघी बहिणींच्या आईचं. थोरली टॉवेल धरून दारात उभी राहायची.

"मोजा घाल नि पाण्यात बुडव. हिरवा झाला की पाणी बाळाजोगं. बस्स!" धाकटीनं घरात शिरताच फर्मान सोडलं.

थोरलीनं टबात हात घातला. मोजा सरसर निळा झाला.

"अगं, काय निळा आलाय! बघ तरी!" धाकटीचे पाय जमिनीवर ठरेनात.

"निळा म्हणजे गारच की," थोरली म्हणाली आणि तिनं गरम पाण्याचा नळ पुरता सोडला.

निळा गडद झाला, मग विझून काळा पडला. टबातून वाफ निघायला लागली, तेव्हा कुठे धाकटीच्या डोक्यात प्रकाश पडला.

"बंद कर! निळा म्हणजे तापलेलं!" तिनं बहिणीचा हात बाहेर ओढला. मोजा काढला, तर तळवा लालबुंद. आणि थोरलीला त्याचा पत्ताही नव्हता. धाकटीनं तो हात गार पाण्याखाली धरला.

"घराघरातल्या नळांवर गरमाला लाल खूण असते," थोरली म्हणाली.

"ह्यात उलटं असतं. गार असताना लाल, मग हिरवा, मग निळा. फारच तापलं की रंगच जातो."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

प्रयोगशाळेत हे सगळ्यांनाच पाठ होतं, म्हणून कुणाला सांगावं लागलं नव्हतं. धाकटीला रडू फुटलं. "ठेव तो मोजा. मी सगळं नव्यानं करते."

"उलटं आहे, पण खोटं तर नाही ना?"

"नाही."

"मग गप्प बस."

थोरलीनं मोजा दुसऱ्या हातात चढवला आणि टबात गार पाणी सोडलं. बऱ्याच वेळानं मोजा निळा दिसला, मग मोरपंखी, मग लख्ख हिरवा. ती थांबली नाही. आणखी गार ओतून लाल केला, गरम घालून परत हिरवा आणला. पुन्हा लाल, पुन्हा हिरवा. तिसऱ्या खेपेला ती खदखदून हसायला लागली. तिचं असं हसू घरानं कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

"आई, दे तिला इकडे."

ठमीला कडेवर घेतलेल्या आईनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीचा हात आपोआप टबाकडे गेला.

"हात मागे घे," थोरली म्हणाली. "मला कळतंय."

आणि तिनं ठमीला पाण्यात बसवलं.