पेटीला जागा नाही

गाड्या विकणाऱ्या नंदकुमारने आमची नवी गाडी बिल्डिंगसमोर आणून उभी केली, आणि आम्ही नवराबायको तोंडात बोट घालून बघतच राहिलो.

आमची जुनी चिमुकली जपानी गाडी म्हणजे चाकांवरचा डबा. पण मागचं दार वरपासून खालपर्यंत उघडायचं आणि कीर्तनाची पेटी अलगद आत जायची. हायम कथा सांगणार, मी पेटी वाजवणार. इथे परदेशात, स्कारबरोतल्या आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घराघरांत त्या डब्यातूनच देवाचं नाव पोचलं. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने तिचा तळ खाल्ला, तेव्हा हायमनी त्याच नावाची नवी गाडी न बघताच मागवली. "अगं, खाण तशी माती. लेक आईवरच जाणार!"

लेक भलतीच निघाली. उतरतं छप्पर, जमिनीला टेकलेलं पोट, आणि मागे दारच नाही! नुसती काच उघडते, तीही खिडकीएवढी.

"नव्या पिढीसाठी डिझाइन बदललंय, हायमभाई. एकदम स्पोर्टी!" नंदकुमार खुशीत.

"आणि पेटी?"

"मागे टाका की."

हायमनी पेटी आडवी लावली, उभी लावली. शिरेचना. जुनी गाडी सकाळीच भंगारात गेलेली. आणि तिकडे अंथरुणाला खिळलेल्या सिबिलबाय आमच्या कीर्तनाची वाट बघत होत्या. डॉक्टरांनी त्यांची आशा सोडली होती. त्यांचं मागणं एकच: धर्मग्रंथातल्या योसेफाचं आख्यान, पेटीसकट.

"पेटी पुढच्या सीटवर ठेवा," मी म्हटलं. "मी मागे बसते."

"तिथे माणूस मावतो?"

"मावतो ना," नंदकुमार खाली बघत म्हणाला. "लहान असला तर."

बसले. गुडघे हनुवटीला, मान छपराला, तोंडाने देवाचा धावा. सिबिलबायच्या बिल्डिंगच्या दारात हायमनी मला ओढून बाहेर काढलं, तेव्हा पाय माझे नव्हतेच.

कीर्तन रंगलं. भावांनी योसेफाला खड्ड्यात टाकलं, तिथे हायम थबकले. माझ्याकडे बघून म्हणाले, "त्या खड्ड्यात बिचाऱ्याला पाय पसरायलाही जागा नव्हती!"

मला हसू फुटलं, हात थांबले. सिबिलबायनी मिटलेले डोळे उघडले. "हॅना, पेटी थांबवू नको, बाय. त्याला बाहेर काढा आधी."

काढला. मिसर देशाचा कारभारी केला, तेव्हा सिबिलबायना शांत झोप लागली होती.

खाली आल्यावर हायम म्हणाले, "उद्याच परत करतो ही."

"राहू द्या. योसेफसुद्धा खड्ड्यातूनच मिसरला पोचला," मी वाकून आत शिरले. "फक्त तुमची सीट जरा पुढे घ्या हो."