पुसट केलेली जागा

आमच्या संग्रहालयाच्या पोर्टलवरून एक जागा हरवली, आणि ती हरवली कशी हे मला बरेच दिवस कळलंच नाही. किल्ली हरवते, छत्री हरवते, माणसं गर्दीत हरवतात. पण नकाशावरची जागा कशी हरवेल?

पोर्टल सांभाळणं हे माझं काम. कपाटांतले शंख, फुलपाखरं, वाळवलेली पानं कुठे आणि कोणाला सापडली हे जगाला ऑनलाइन दिसत राहावं, म्हणून मला पगार मिळतो. दुर्मीळ जिवांची जागा मात्र आम्ही मुद्दाम पुसट करतो. नकाशावर खूण उमटते, पण खऱ्या ठिकाणापासून काही मैल लांब, नाहीतर शंखचोर पिशव्या घेऊन हजर व्हायचे. खरी जागा फक्त आमच्या आतल्या नोंदीत असते.

हरवली ती आत्याच्या गोगलगायीची जागा. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. शाळेत जीवशास्त्र शिकवायची, लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहते. तरुणपणी तिला नखाएवढी एक गोगलगाय सापडली, जी तोवर कोणीच पाहिली नव्हती. शास्त्रज्ञांनी तिला आमचं आडनाव दिलं. घरात दुसऱ्या कोणाच्या हातून त्या आडनावाचं इतकं भलं झालेलं नाही. पुढे ती जात कोणालाच दिसली नाही. आता संग्रहालयाच्या प्रमुख बाईंना तिथे माणसं पाठवून ती अजून जिवंत आहे का ते बघायचं होतं.

मी आतली नोंद उघडली. आतही पुसटच जागा.

"असं कसं होईल?" प्रमुख बाईंनी विचारलं.

"मीही संगणकाला तेच विचारतोय, बाई."

कीटक विभागातल्या सहकाऱ्याला आम्ही मुंगळा म्हणतो, कारण तो चिकटला की सुटत नाही. तो माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. "तू पुसट जागा बाहेरच्या, सगळ्या संग्रहालयांच्या मोठ्या पोर्टलला पाठवतोस. आणि तिकडे कोणी दुरुस्ती केली, तर ती आपोआप आपल्याकडे येते. बरोबर?"

"हो. नव्या अपडेटपासून."

"मग तुझीच पुसट जागा दुरुस्ती म्हणून परत आली, आणि खरीवर जाऊन बसली."

मी त्याला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग कागदावर बाण काढायला लावले. तरी डोकं गरगरतच राहिलं. ते अपडेट दिसायला किती गरीब होतं. गोगलगाय अन् पोटात पाय. जुने बॅकअपही एव्हाना पुसले गेले होते. शंखाच्या चिठ्ठीवर नुसतं गावाचं नाव होतं. नेमकी जागा आत्याने तोंडी सांगितली होती आणि कोणीतरी ती थेट संगणकात भरली होती. म्हणजे ती आता फक्त आत्याच्या डोक्यात उरली होती, आणि ते डोकं हल्ली चष्मा फ्रिजमध्ये ठेवतं.

मला काळजी वाटली. नोकरीची नाही, आत्याची.

"आत्या, तुझी गोगलगाय नेमकी कुठे सापडली होती?" घरी आल्याआल्या मी विचारलं.

ती टॅबवर काहीतरी बघत होती. करमणूक म्हणून मीच तिला आमचं पोर्टल लावून दिलं होतं. "कुठे म्हणजे? मला पक्कं ठाऊक आहे. चल, दाखवते."

इतक्या ठामपणे ती अलीकडे काहीच बोलली नव्हती. मी खूश झालो. लहानपणी तिने ती गोष्ट मला इतक्यांदा सांगितली होती, की ती मला तोंडपाठ होती: ओढा, शेवाळलेला दगड, पाय घसरून ती पाण्यात बसली आणि डोळ्यांसमोर गोगलगाय.

रविवारी गाडी काढली. आत्या बाजूला बसून रस्ता सांगत होती. पुलावरून उजवीकडे, मग सरळ, शाळेपाशी डावीकडे. एकदाही अडखळली नाही. मी मनात मुंगळ्याला वाकुल्या दाखवत होतो.

"थांब," ती म्हणाली. "हीच जागा."

पेट्रोल पंप होता. हवा भरायचं यंत्र, एक भिंत, समोर हमरस्ता. मी फोनवर नकाशा उघडला. आम्ही पुसट केलेल्या खुणेवर बरोब्बर उभे होतो.

"आत्या, तिथे ओढा होता ना? तू पाण्यात पडलीस ना?"

"ओढा?" तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "नकाशात ओढा कुठे आहे? रोज बघते मी. ही भिंत बघ. इथेच वाकले होते." आणि ती वाकली. गुडघ्यावर हात ठेवून त्या कोरड्या भिंतीशी तिने बोट नेलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला रडू आलं. गोष्टीतला ओढा मला आठवत होता, पण तो कुठला हे मी कधी विचारलंच नव्हतं.

फोन वाजला. प्रमुख बाई होत्या. "सापडली का हो जागा?"

"नाही, बाई. गेली ती. आता नाही सापडायची."

आत्या हळूहळू सरळ झाली. मी खुळा झालोय की ती, हे न कळल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली.

"अरे, असं काय सांगतोस त्यांना?" ती म्हणाली. "मी उभी आहे की इथे."