बावीस बाटल्यांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बर्फपेटी आहे. अंगाने निळी, झाकणाने पांढरी. झाकण आता पिवळट दिसतं, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार करणारी पेटी कोणाला आवडत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यात गरम प्लास्टिक ओतलं, दोन भिंतींच्या मध्ये फोम भरला आणि मला ट्रकमध्ये चढवलं. बारसं वगैरे काही झालं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण या कथेत बारसं न झालेली मी एकटीच नाही.

मला रत्नागिरीत आणलं हरिश्चंद्र आजोबांनी. ते बंदरावरच्या एका कचेरीत कारकून होते आणि तेहेतीस वर्षं खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. निवृत्त झाल्यावर खोकी राहिली कचेरीत, पण सवय घरी आली. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी असे. 'तांदळाचं पीठ.' 'पीठ, जुनं.' 'रिकामा.' चिठ्ठीवर लिहिलेलं असतं तेच आत असतं, यावर त्यांचा देवाइतका विश्वास होता.

माझं काम सोपं होतं. दर रविवारी मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात जायचं आणि सुरमई घेऊन यायचं. "पेटी असावी तर अशी," असं आजोबा एकदा म्हणाले होते. तेवढं कौतुक मला अकरा वर्षं पुरलं.

मग आजोबांच्या सुनेला, मृणालीला, सातव्या महिन्यातच मुलगी झाली. मुलगी माझ्या झाकणापेक्षा लहान होती. तिच्या हृदयात दोष निघाला आणि चौथ्या दिवशी तिला बंगळूरच्या मोठ्या इस्पितळात हलवलं. तिचा बाप नितेश बरोबर गेला. मृणालीचे टाके चिघळले होते, तिला पलंगावरून उठायची परवानगी नव्हती. बाळाला तिकडे नाव नव्हतं. पाळण्यावर 'मृणालीचं बाळ' एवढंच होतं.

बंगळूरच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "हिचं आतडं फार नाजूक आहे. डब्याचं दूध झेपेल असं वाटत नाही. आईचं दूध मिळालं तर बघा."

मृणाली दर तीन तासांनी यंत्र लावून दूध काढू लागली. प्रत्येक बाटलीवर ती लिहायची, 'आईचं दूध', तारीख आणि वेळ. बाटल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दगडासारख्या गोठायच्या. बावीस झाल्या तेव्हा त्या न्यायचं ठरलं. रेल्वेने पोचेपर्यंत बर्फ टिकला नसता, म्हणून विमान. आणि माणूस एकच मोकळा होता, जो आयुष्यात कधी विमानात बसला नव्हता.

मला सोड्याने धुतलं, लिंबू चोळलं आणि चार दिवस मागच्या कातळावर उन्हात ठेवलं. अकरा वर्षांची सुरमई माझ्यातून निघाली. मला माझाच वास ओळखू येईना.

"बाबा, पेटी हातातून सोडायची नाही," मृणाली पलंगावरून म्हणाली. "आणि ही डॉक्टरांची चिठ्ठी. विचारलं तर दाखवायची."

"नाही गो सोडत," आजोबा म्हणाले आणि चिठ्ठी त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

बाटल्या त्यांनीच भरल्या. भरताना त्यांचं लक्ष मृणालीच्या अक्षराकडे गेलं. बावीस वेळा तेच दोन शब्द. चारचौघांत पेटी उघडली तर? सुनेचं दूध सासरा हातात घेऊन उभा, हे कसं दिसेल? आजोबांनी डिंकाची बाटली काढली. बावीस नव्या चिठ्ठ्या कापल्या. प्रत्येकीवर लिहिलं, 'नारळाचा रस', आणि ती मृणालीच्या अक्षरावर चिकटवली. रंग जुळत होता. तेविसावी चिठ्ठी माझ्या झाकणाच्या आतून चिकटवली. आयुष्यात त्यांनी लिहिलेलं पहिलं खोटं होतं ते, आणि अक्षर नेहमीइतकंच सुरेख होतं.

विमानतळ घरापासून पाच तासांवर. सामान घेणारी मुलगी म्हणाली, "आजोबा, पेटी सामानात टाका ना. कोणी विचारणार नाही."

"नको. हातातून सोडायची नाही असं सांगितलंय." आजोबा दिलेला शब्द पाळत होते.

तपासणीच्या रांगेत पाठीवर थाप पडली. रावजी! गल्लीच्या तोंडाशी राहणारे आंब्याचे व्यापारी.

"काय हो काका, थेट विमानात? आणि पेटीत काय, सुरमई?"

"नाही... नारळाचा रस. सोलकढीला."

"बंगळूरला सोलकढी! तिकडच्यांना सांबार पुरत नाय काय?"

मागची चार माणसं हसली. आजोबाही हसले. माझ्या कडीवरची त्यांची बोटं मात्र हसत नव्हती.

वर्दीतल्या बाईने मला उघडलं. एक बाटली वर धरली, चिठ्ठी वाचली.

"नारळाचा रस? काका, एवढं पातळ सामान आत नेता येत नाही."

"गोठलेलं आहे."

"वितळणार की." ती वाईट नव्हती. दुसरी बाटली काढली, परत ठेवली, आणि जरा थांबून म्हणाली, "लहान बाळासाठी काही असतं, औषध, दूध, तर कागद बघून सोडलं असतं. सोलकढीसाठी कसं सोडू?"

मित्रांनो, दार यापेक्षा जास्त उघडं कोणी ठेवत नाही. आजोबांचा हात खिशाकडे गेला. चिठ्ठीचं टोक मला खालून दिसलं.

"अहो सोडा काका," मागून रावजी म्हणाले, "नारळ काय, बंगळूरलाही मिळतात!"

पुन्हा हशा झाला. हात खाली आला.

बावीस बाटल्या एका मोठ्या पिंपात गेल्या. गोठलेल्या बाटलीचा आवाज धोंड्यासारखा येतो. तो मी बावीस वेळा ऐकला.

बर्फ तेवढा आजोबांनी माझ्यात ठेवला. का, ते मला माहीत नाही. विमानात त्यांनी मला मांडीवर घट्ट धरलं होतं. उतरल्याबरोबर मृणालीचा फोन आला.

"पोचलं?"

"पोचलं गो. सगळं पोचलं."

पलीकडून ती हसल्याचं मला ऐकू आलं. बऱ्याच दिवसांनी हसत होती. त्यानंतर ती जास्तच नेमाने दूध काढू लागली.

नितेशने इस्पितळात मला उघडलं. आत बघितलं, बापाकडे बघितलं आणि झाकण लावलं. दोघांनी मृणालीला काही सांगायचं नाही असं ठरवलं. पुढच्या बाटल्यांची सोय होईपर्यंत डब्याचं दूध सुरू झालं. चौथ्या दिवशी बाळाचं पोट फुगलं. सहाव्या दिवशी पाळण्यावरची चिठ्ठी काढली.

डॉक्टर म्हणाले, "आईचं दूध असतं तरी वाचली असती, असं ठामपणे सांगता येत नाही." नितेशने वाक्याचा शेवट ऐकला. आजोबांनी सुरुवात.

परतताना मला सामानात टाकलं. रिकाम्या पेटीला कोणी काही विचारलं नाही.

महिन्याभराने रावजी भेटायला आले. असं काही झालं की आमच्याकडे माणसं येतात, चहा नको म्हणतात आणि चहा घेतात. रावजींचे डोळे खरंच भरले होते.

"काका, तुम्ही त्या दिवशी बाळाबद्दल एका शब्दाने बोलला नाहीत. मी आपला चेष्टा करत होतो. त्यात त्या बाईने तुमचा सोलकढीचा रसही फेकून दिला..."

"कसला रस?" मृणालीने विचारलं.

नितेशने बापाकडे बघितलं. रावजींनी कप खाली ठेवला. बाटल्यांत खरं काय होतं ते त्यांना तिघांच्या तोंडावरून कळलं आणि ते हळूच म्हणाले, "मला सांगायचंत हो. तीन पोरांचा बाप मी. तिथेच आडवा पडलो असतो, पण बाटल्या जाऊ दिल्या नसत्या."

मृणाली उठली. मागच्या पडवीत येऊन तिने मला उघडलं. झाकणाच्या आतली चिठ्ठी वाचली. ती नखाने खरवडली, पण डिंक कचेरीतल्या सवयीचा, अर्धी तशीच राहिली. मग तिने बर्फाचा कप्पा रिकामा केला. 'पोचलं' या शब्दानंतर भरलेल्या एकोणीस बाटल्या होत्या. फेकायचा धीर कोणाला झाला नव्हता. त्या तिने माझ्यात रचल्या.

"बाबा, गावातल्या इस्पितळात कमी दिवसांची बाळं ठेवतात. दुसऱ्या आयांचं दूध तपासून त्यांना देतात, मी विचारलंय. तुम्ही न्यायचं."

"नितेश नेईल..."

"तुम्ही न्यायचं. आणि विचारलं तर सांगायचं."

इस्पितळाच्या फाटकाशी पहारेकरी बसला होता. दुपारची वेळ, बाहेर रिक्षांची रांग, गर्दी भरपूर. त्याने माझ्यावर काठी टेकवली.

"पेटीत काय, आजोबा?"

आजोबांनी रिक्षांच्या रांगेकडे एकदा बघितलं. मग ते बोलले, आणि इतक्या मोठ्याने बोलले की रिक्षावाल्यांनी माना वळवल्या.

"आईचं दूध आहे. माझ्या सुनेचं."

"मग जा की आत," पहारेकरी म्हणाला. "उजव्या हाताला तिसरी खोली."

कोणी हसलं नाही. रिक्षावाले पुन्हा पेंगू लागले. आजोबा मात्र तिथेच उभे होते. पहारेकऱ्याला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. तो पुन्हा म्हणाला, "जा आजोबा, जा. वितळेल."

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं काही मी म्हणणार नाही. मला धुऊन उन्हात ठेवलं की माझं भागतं. अजून दर सोमवारी मी त्या तिसऱ्या खोलीत जाते, घरोघरून गोळा केलेल्या दुसऱ्या आयांच्या बाटल्या घेऊन, आणि मला आजोबाच नेतात. माझ्यात सुरमई पुन्हा कोणी ठेवली नाही. झाकणाच्या आत अर्धी चिठ्ठी अजून आहे. 'नारळाचा' एवढंच उरलंय. तुमच्या हातात कधी कोणाची पेटी आली, तर आत जे आहे तेच तोंडाने सांगा. अर्धा क्षण लागतो. मी तो फाटकाशी पाहिला आहे.