गौराचा राब

गौराजवळ हेवा करण्यासारखं काय होतं?

गळकं झोपडं. मिठागरावर गेलेला आणि परत न आलेला नवरा. आणि साखरशेत गावाच्या वेशीबाहेर पुरलेली एक पोर.

तरी धोंडीबाई तिच्यावर जळायची.

जव्हारचं संस्थान गेलं, त्याच पावसाळ्यात गावात ताप आला. तापाने धोंडीचा पोरगा लक्ष्या नेला, शेजारच्या गौराची रामी नेली. रामीने मोखाड्याकडे मिशनच्या नर्सबाईच्या मांडीवर जीव सोडला. परतताना गौराने येशूला घरी आणलं.

"पोर दिली नि देव घेतला," धोंडी म्हणाली. सगळ्या बाया हसल्या.

गौराही हसली. हेच ते! दुःख दोघींचं सारखं, मग हिला हसू कुठून येतं? धोंडीच्या तोंडून तर लक्ष्याचं नावसुद्धा निघत नव्हतं.

उन्हाळा. राबासाठी दोघी ऐनाच्या झाडाचा टहाळ तोडत होत्या. गौरा गुणगुणत होती.

"गौरे, तुझा देव मेला नि उठला म्हणं?"

"उठला."

"मग रामी?"

कोयता थांबला. "नाय उठली अजून."

"अजून?"

"उठंल, धोंडीबाय. त्यानं शब्द दिलाय. रोज रडते मी, पन त्या शब्दाला धरून रडते. तुझ्या लक्ष्याचं नाव पन घेते रोज, त्याच्यापुढं."

माझ्या लक्ष्याचं नाव.

हिच्या तोंडात.

रोज!

आता राबाचं ऐका. वाफ्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा रचायचा, वर माती दाबायची आणि वारा पडला की पेटवायचा. राख जागेवर बसते, तिच्यात भाताचं रोप धरतं. माती न दाबता, भर वाऱ्यात पेटवला तर राख उडते. राख गेली की रोप गेलं, रोप गेलं की वर्ष गेलं.

गौराने राब रचला होता, पण अजून माती दाबली नव्हती. दुपार. वारा.

धोंडीने काडी ओढली.

मग मोहाच्या झाडाआड उभी राहिली. बघायला.

गौरा धावत आली तोवर राब जळून राख वाऱ्यावर उडत होती. उघड्या वाफ्याच्या कडेला बसली, कपाळ बडवून रडली. धोंडीला गोड वाटलं. तुटली एकदाची!

आणि त्या रडण्यातच गौरा गायला लागली. फाटका आवाज, नाक गळतंय, सूर नाही. पण तेच गाणं, टहाळ तोडतानाचं.

हसणाऱ्या बाईचा हेवा करता येतो. रडता रडता गाणारीचं काय करायचं? तिचं काय जाळायचं?

धोंडी झाडाआडून बाहेर आली.

"मी लावली."

गौराने उडती राख बघितली, मग तिला. "मेले, वारा तरी बघायचास!"

"अजून शिव्या दे."

"देते. आधी बस."

धोंडी राखेत हात टेकून तिच्याजवळ बसली. "माझा राब भाजून झालाय. त्यात पेर तुझं भात. अर्धा वाफा तुझा."

गौराने डोळे पुसून हात जोडले. "प्रभू, माझ्या रामीला सांभाळ. आनि धोंडीबायच्या..."

"थांब!" धोंडीने तिचा हात धरला. हेवा अजून होताच, छातीत ठसठसत. "त्याचं नाव तू नको घेऊ."

राखेने काळे झालेले हात तिने जोडले, गौराने जोडले होते तसेच.

"लक्ष्या," ती म्हणाली. "माझा लक्ष्या."